जास्वंदीच्या कुंपणातलं भोक

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. शुद्धलेखनही तसंच. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे चौथीच्या बाईंनी शिकवलं होतं, पण त्यानंतर किराण्याच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहायची वेळच आली नाही, आणि चिठ्ठीतल्या साबुदाण्याला कुणी लाल शाई लावत नाही. नातवाची अर्धी कोरी राहिलेली वही मिळाली, तिच्या मागच्या बाजूने लिहिते आहे. घरात मराठी वाचता येणारे दोघंच, मुलगा आणि सून, आणि त्या दोघांना वेळ नसतो. तेव्हा कुणी वाचेल ही भीती नाही. तरी माफी मागून ठेवते. सरांनी हे पान पाहिलं असतं तर मजकूर वाचायच्या आधी माझी नखं तपासली असती.

सर म्हणजे इथे कॅनडात, टोरोंटोजवळच्या वॉनमध्ये, आमच्याच रस्त्यावर, थोडी घरं सोडून राहणारे म्हातारे मास्तर. मूळचे नागपूरकडचे. ऐन तरुणपणी आफ्रिकेत लुसाका नावाच्या शहरात गेले, तिथल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, मग त्याच शाळेचे हेडमास्तर झाले आणि सगळा जन्म तिथेच काढला. बायको गेल्यावर मुलीने इकडे आणलं. मुलगी टोरोंटोला बँकेत. ती सकाळी निघून जायची आणि सरांना एकटं ठेवणं बरं नव्हतं, कारण ते विसरायला लागले होते. कुणी मराठी बाई सोबतीला मिळेल का, असं तिने माझ्या सुनेला विचारलं. सून म्हणाली, "आई, जाता का? घरात तरी तुम्ही कुणाशी बोलत नाही." म्हणून मी गेले. तिथेही बोलायचं नाही, असं ठरवूनच गेले होते.

पहिल्या दिवशी पुढच्या दाराची बेल वाजवायला मला संकोच वाटला. मी गॅरेजच्या बाजूने गेले आणि बाजूच्या दाराशी उभी राहिले. दार सरांनीच उघडलं. अंगात स्वेटर, गळ्यात टाय, पायात घरातल्या सपाता.

"नवीन ॲडमिशन?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"वडिलांचं नाव?"

वडिलांना जाऊन किती वर्षं झाली होती. पण मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. शाळा कितवीपर्यंत, तेही सांगितलं.

"चौथीनंतर काय झालं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्नात नाही, नंतरही नाही. चौथी म्हटलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. मी म्हणाले, "पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती. पावसाळ्यात ओढा भरायचा."

"आणि उन्हाळ्यात?"

उन्हाळ्यात ओढा कोरडाच असायचा. मी चपला काढायला वाकले. सर म्हणाले, "बस मुली. उभी राहू नकोस." तेव्हा माझ्या डोक्याचे निम्मे केस पांढरे होते. पण शेवटपर्यंत मी मुलगीच राहिले.

सरांच्या सवयी लिहायच्या तर वही पुरणार नाही. रोज सकाळी टाय हवाच. मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला त्यांनी मोटारीच्या चाकाची लोखंडी रिम टांगली होती. लुसाकाच्या शाळेत अशीच रिम आंब्याला टांगलेली होती म्हणे, तीच शाळेची घंटा. इथेही सकाळी ते पान्याने ठोकायचे. शेजाऱ्याने तक्रार केली आणि सिटीचा माणूस आला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. सरांनी त्याला आत बोलावलं, कुठली शाळा ते विचारलं, गणितात किती मार्क पडायचे ते विचारलं आणि शेवटी शर्ट आत खोचायला लावला. त्याने शर्ट खोचला, नोटीस ठेवली आणि गेला. त्यानंतर सर रिमला लोकरी टोपी घालून ठोकायचे. आवाज यायचा नाही. पण घंटा झाली, याचं त्यांना समाधान असायचं.

दुकानात त्यांना सांभाळणं अवघड. इथे पैशाचं सर्वात लहान नाणं बंद झालंय, त्यामुळे रोखीने दिलं की बिल वरखाली करून गोळाबेरीज करतात. सरांना ते खपायचं नाही. काउंटरवरच्या पोरीला विचारायचे, "माझे दोन सेंट कुठल्या वर्गात बसवलेत?" मागे रांग, आणि मी त्यांच्या कोटाची बाही धरून खाली मान घालून उभी.

जेवायला त्यांना मक्याच्या पिठाचं शीमा लागायचं. आमच्या घाट्याचाच भाऊ तो, फक्त बिनमिठाचा आणि घट्ट. पहिल्यांदा केलं तेव्हा गाठी झाल्या. दुसऱ्यांदा जमलं, कारण हात तोच होता. सर गोळा करायचे, अंगठ्याने त्यात खळगा करायचे आणि भाजी उचलायचे. जेवताना मी प्रश्न विचारायचे. घरी मी कुणाला काही विचारत नाही, पण तिथे विचारायचे. त्या शाळेबद्दल मला किती विचारू असं व्हायचं.

शाळा कशी होती? दोन पाळ्यांची. सकाळचे उठले की दुपारचे बसायचे, बाकं थंड व्हायची नाहीत. बाकं पुरायची नाहीत तेव्हा मुलं रंगाचे रिकामे डबे घेऊन यायची आणि त्यांवर बसायची. मुलींना मोठे डबे, कारण घागरा. शाळेचं शेत होतं, त्यात मका आणि कोबी. वर्गात उशिरा आलेल्याला कोबीला पाणी घालायला पाठवायचे. "म्हणून कोबी चांगला यायचा," सर म्हणायचे. "मुलं फार उशिरा यायची."

आणि फी. ते सांगताना सर जेवायचे थांबायचे. फीची बाकी असलेल्या मुलाला फाटकातून परत पाठवायचं, असा हुकूम होता. वरून यायचा, आणि पाळावा लागायचा. हेडमास्तर सकाळी फाटकाशी उभे राहून नावं वाचायचे. नाव वाचलं की मुलगा मागे वळायचा.

"मग ती मुलं शिकायची नाहीत?" मी विचारलं.

"शिकायची. मागच्या बाजूला जास्वंदीचं कुंपण होतं. त्याला भोक होतं."

"कुणी पाडलं?"

"मी. रविवारी, कात्रीने. माळ्याला सांगितलं होतं, ते बुजवलंस तर तुझी बदली."

"म्हणजे शाळेला दोन फाटकं होती म्हणा."

"फाटक एकच," सर म्हणाले. "दुसऱ्याला भोक म्हणतात. हुकूम फाटकाबद्दल होता."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बाजूच्या दाराने येतेस. तुझीही बाकी आहे वाटतं कुठेतरी."

पण शेवटच्या परीक्षेची फी कुंपणातून आत यायची नाही. ती बोर्डाला रोख भरावी लागे. ती सर द्यायचे. उसनी. फुकट नाही, यावर त्यांचा कटाक्ष, कारण तेच पैसे परत आले की पुढच्या मुलाला जायचे. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. सगळं डोक्यात. आणि पैसे फिटेपर्यंत मुलाचं सर्टिफिकेट सरांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. तिथल्या शाळांत ही रीतच होती, बाकी असेल तर सर्टिफिकेट मिळत नाही. ती ट्रंक त्यांनी विमानाने कॅनडात आणली होती. मुलगी म्हणायची, "आईचे दागिने आणले नाहीत. ही ट्रंक आणली."

त्यांची कितीतरी मुलं आता इकडे कॅनडात होती. सर त्यांना फोन करायचे. पहिलं वाक्य ठरलेलं, "उभा राहा, मग बोल." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. मोठमोठी माणसं उभी राहायची. मग वसुली. तिथले पैसे पार घसरलेले, त्यामुळे बँकेचा दर सरांना मान्य नव्हता. त्यांचा हिशोब पिठाचा. फी दिली तेव्हा तेवढ्यात मक्याच्या पिठाची किती पोती आली असती, तेवढ्याच पिठाचे आजचे पैसे. म्हणून आधी आम्ही बसने प्लाझातल्या आफ्रिकन दुकानात जायचो. सर पोत्यावरचा भाव वाचायचे आणि मग ज्याच्याकडून घ्यायचे त्याला कळवायचे. दुकानदाराला वाटायचं आम्ही गिऱ्हाईक आहोत. आम्ही एक पिशवी घ्यायचोच, माझ्या लाजेखातर.

पैसे हातातच द्यायचे, चेक नाही, फोनवरून पाठवायचे नाहीत. आणि देताना उभं राहून सांगायचं की या पैशाचं पुढे काय झालं. मागच्या बाकाला ऐकू जाईल असं. स्कारबरोची एक डॉक्टरीण आली, मोठ्या रकमेचा चेक घेऊन. सरांनी तो परत केला, पिठाच्या हिशोबाचे तेवढेच घेतले. ती हॉलमध्ये उभी राहून बोलली, अर्धं तिच्या भाषेत. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. सर म्हणाले, "मागच्या बाकाला ऐकू येत नाही." ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग ट्रंकेतून तिचा कागद निघाला. डॉक्टर होऊन बसलेली बाई, पण शाळेचा तो कागद तिने छातीशी धरला. दुसऱ्या ठिकाणी तिने त्याची नक्कल काढली असणारच, नाहीतर डॉक्टर कशी होईल. तरी धरला.

आलेले पैसे सर लुसाकाला पाठवायचे. त्यांचीच एक विद्यार्थिनी तिथे आता हेडमिस्ट्रेस आहे. रविवारी ती व्हिडिओवर यायची. एकदा तिने फोन फिरवून मला शाळा दाखवली. तांबडी माती, जांभळ्या फुलांची झाडं, आंबा आणि त्याला टांगलेली रिम. मी म्हणाले, "कुंपण दाखवायला सांगा ना." तिने दाखवलं. जास्वंद डवरली होती. भोक तसंच होतं. ती हसून काहीतरी म्हणाली. सरांनी मराठीत सांगितलं, "म्हणते, हुकूमही तसाच आहे."

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

ब्रॅम्प्टनला त्यांचा एक विद्यार्थी ट्रक चालवायचा. आडवा, मोठा माणूस. सरांना त्याचं सगळं पाठ. बाप खाणीत, आई टोमॅटो विकायची, हा खिडकीच्या बाकावर बसायचा, भागाकारात शून्य विसरायचा. तो येऊन पैसे देऊन गेला. पुढच्या महिन्यात आंब्याची पेटी घेऊन सहज भेटायला आला. सरांनी दार उघडलं आणि विचारलं, "न्यू ॲडमिशन? फादर्स नेम?"

त्याला वाटलं थट्टा. त्याने वडिलांचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, टोमॅटोचंही सांगितलं. सर नव्याने ऐकत होते. जाताना तो मला म्हणाला, "ऑल दीज इयर्स ही रिमेंबर्ड." मी म्हणाले, "यस." माझ्याकडे तेवढंच इंग्रजी होतं. तो ट्रकमध्ये बसला, पण ट्रक बराच वेळ हलला नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. डॉक्टरणीचं नाव मी मुद्दाम काढलं. सर म्हणाले, "कोण?" पण ज्यांनी अजून दिले नव्हते, त्यांची नावं, बाकं, चपला सगळं जागच्या जागी. बाकी असेपर्यंतच माणूस सरांच्या डोक्यात राहत होता. फिटली की पुसला जायचा.

मी त्यांच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, हा आजार असा नियमाने चालत नाही. योगायोग आहे." असेल. मी पाहिलं ते लिहिलं. तिला मात्र सर कधीकधी तिच्या आईच्या नावाने हाक मारायला लागले होते. एकदा भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "लहानपणी मीच त्यांच्याकडून थोडे पैसे घ्यायला हवे होते." हसत म्हणाली, पण ताट तिने दोनदा पुसलं.

माझं कसं झालं तेही सांगते. आमच्याजवळच्या इंडस्ट्रियल भागात जेवणाचे डबे बनवणारं एक किचन आहे. तिथे बायका हव्या होत्या, पण स्वच्छतेची परीक्षा पास झालेलं सर्टिफिकेट लागायचं. मुलाकडे फी मागवेना. सरांना सहज बोलले. त्यांनी टायची गाठ सारखी केली आणि म्हणाले, "किती?" पैसे हातावर ठेवले. "उसने," म्हणाले.

प्रश्न हिंदीत मिळाले, तरी पहिल्यांदा नापास झाले. सरांनी मला रोज शिकवलं. कच्चं चिकन वर ठेवायचं की खाली, हे त्यांनी फळीवर कांदे ठेवून शिकवलं. मी चिकन खातही नाही. दुसऱ्यांदा पास झाले. सर्टिफिकेट आणून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, माझं नाव मोठ्याने वाचलं आणि ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

नातू म्हणाला, "आजी, इट्स अ पीडीएफ." सुनेने दुसरी प्रत काढून दिली आणि कामाला लागले, आठवड्याचे थोडे दिवस. बाकीचे दिवस सरांकडे. दर शुक्रवारी थोडे थोडे फेडत आले. आणि शेवटचे पाच डॉलर उरले तेव्हा थांबले.

निळी नोट पर्समध्ये असायची. शुक्रवारी सर विचारायचे, "बाकी?"

"पाच, सर."

"कधी?"

"पुढच्या शुक्रवारी."

ते मान हलवायचे. सकाळी मी बाजूच्या दारातून आत गेले की माझं नाव घेऊन म्हणायचे, "आली चौथी पास, पाचाची बाकी." लेकीचं नाव चुकायचे, माझं चुकायचे नाहीत. मला या देशात नावाने ओळखणारी माणसं किती, ती मोजायला बोटं जास्त होतील. पाच डॉलरमध्ये मला ते मिळत होतं, आणि मी ते सोडत नव्हते.

हिवाळा आला. एका सकाळी मी आत गेले तर घर रिकामं. पुढचं दार सताड उघडं, आत बर्फ उडून आलेला. पावलांच्या खुणा बघत गेले. सर कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर उभे होते. टाय, कोट आणि पायात त्याच सपाता. कोटाच्या आत काहीतरी कवटाळून धरलेलं.

"सर, कुठे निघालात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. "इकडे एक मुलगी राहते," ते म्हणाले. "चौथी पास. पाचाची बाकी आहे म्हणून तिचं सर्टिफिकेट मी अडकवून ठेवलंय. तिला काम मिळत नसेल. तिचं घर कुठलं, सांगता का?"

"सर, मीच ती."

"तुम्ही नाही. ती लहान आहे." मग हळूच म्हणाले, "इथे कुंपणही नाही. कुठून येईल बिचारी आत? मी तिला फाटकाबाहेर ठेवलंय."

मी त्यांना घरी आणलं. पाय कोमट पाण्यात ठेवले. बोटं लालभडक झाली होती. चहा पोटात गेल्यावर त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "बाकी?"

नोट पर्समध्येच होती. पण तेव्हा देववली नाही. मी म्हणाले, "उद्या."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराने गेले. त्या घराची बेल मी पहिल्यांदाच वाजवली. आतून सपातांचा आवाज आला आणि दार उघडलं.

"समोरून आलीस?" सर म्हणाले.

"हो, सर."

"मग पैसे आणले असशील. सांग."

मी पायरीवर उभी राहिले. समोरचा शेजारी शोव्हलने दारातला बर्फ उपसत होता. मी सांगितलं की मी आता डब्याच्या किचनमध्ये काम करते. वरणाच्या पातेल्यात थर्मामीटर घालून बघते. माझ्या आईने तापात पोरांनाही थर्मामीटर लावलेला नव्हता.

"मागच्या बाकाला ऐकू येत नाही."

मी आवाज वाढवला. गळ्यात नावाचं कार्ड असतं, म्हणाले. पगार माझ्या खात्यात येतो. पंजाबी सुपरवायझर नव्या बायकांना म्हणतो, कच्चं काय वर आणि काय खाली ते ह्या आंटीला विचारा. उन्हाळ्यात ओढा कोरडा असायचा सर, हेही मी सांगितलं, मला पाठवता आलं असतं. शेजारी शोव्हलवर हात ठेवून बघत होता. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत मोठ्याने बोलले.

सरांनी कोटातून सर्टिफिकेट काढलं. कालपासून त्यांनी ते ट्रंकेत ठेवलंच नव्हतं. कोपरे दुमडले होते. ते मी घेतलं. मग नोट पुढे केली. त्यांनी एक टोक धरलं, पण मला दुसरं सोडवेना. ते ओढत नव्हते. परीक्षेत पेपर घेताना मुलाला शेवटचा शब्द लिहू द्यावा, तसे थांबले.

मी सोडली.

त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली, नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाकी?"

"शून्य, सर."